दारू तीच, दंगा वेगळा

स्पेनच्या मायोर्का बेटावर दोन किनारे आहेत आणि दोन्हींनी तिथल्या माणसांना सारखंच हैराण केलं आहे. पाल्मा या मुख्य शहराच्या पश्चिमेला मागालुफ हे गाव, आणि पूर्वेला प्लाया दे पाल्मा ही लांबलचक चौपाटी. मधलं अंतर पंचवीस-तीस किलोमीटर. समुद्र तोच, ऊन तेच, दारूचे भाव जवळपास तेच. फरक एवढाच की मागालुफला प्रामुख्याने ब्रिटिश जातात आणि प्लाया दे पाल्माला जर्मन.

मागालुफच्या पुंता बायेना रस्त्यावर रात्री अकरानंतर चालायला लागलं की कानावर इंग्रजीच पडते. पाट्या इंग्रजी, पबांची नावं इंग्रजी, सकाळच्या न्याहारीला बेकन आणि बीन्स, टीव्हीवर इंग्लंडमधला फुटबॉल. हेझल अँड्र्यूज या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस इथे राहून अभ्यास केला आणि पुढे २०११ मध्ये ‘द ब्रिटिश ऑन हॉलिडे’ हे पुस्तक लिहिलं. ते वाचताना लक्षात येतं की यातली बरीच मंडळी स्पेन बघायला आलेलीच नसतात. आपलं इंग्रजपण घरी जगता येत नाही इतक्या मोकळेपणी जगायला ती इथे येतात. पिणं उभ्याने, चालता चालता, एका बारमधून दुसऱ्यात. लग्न ठरलेल्या मित्राला विचित्र कपडे घालून मिरवणारी टोळकी, सगळ्यांच्या अंगात एकसारखे टी-शर्ट, फुटबॉलच्या आरोळ्या. पहाटे तीनच्या सुमाराला बाचाबाची, धक्काबुक्की, रस्त्यावर उलट्या.

पूर्वेकडच्या किनाऱ्यावर पाण्याच्या कडेने ठरावीक अंतरावर पेयपानाची ठिकाणं आहेत. त्यांना स्पॅनिशमध्ये ‘बालनेआरिओ’ म्हणतात आणि त्यांना क्रमांक आहेत. त्यातल्या सहा क्रमांकाच्या ठिकाणी जर्मन मंडळी जमायला लागली. ‘बालनेआरिओ’ जिभेवर बसेना, म्हणून त्याचं ‘बालरमान’ झालं. आज जर्मन भाषेत हा शब्द एका जागेपुरता उरलेला नाही, मौजमजेच्या एका अख्ख्या तऱ्हेचं ते नाव आहे. तिथल्या दोन गल्ल्यांनाही जर्मनांनी आपली नावं दिली आहेत: एक बिअरची गल्ली, दुसरी हॅमची. इथला दंगा भर दुपारी सुरू होतो आणि तो बसून होतो. लांब बाकांवर दाटीवाटीने बसायचं, सांग्रियाची बादली मधे ठेवायची, हातभर लांबीच्या नळ्या घालून सगळ्यांनी एकाच बादलीतून ओढायचं. मंचावर गाणारा असतो, शेकडो माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून तेच ते सोपं गाणं डोलत म्हणतात. वर्षाकाठी एकदा निघालेली फुटबॉल क्लबांची, स्किटल्स खेळणाऱ्या मंडळांची सहल असते. संध्याकाळपर्यंत काहीजण वाळूतच आडवे झालेले असतात.

दोन्ही किनाऱ्यांवर दोन्ही प्रकारची माणसं सापडतात, आणि शांतपणे पोराबाळांना घेऊन पोहायला आलेली कुटुंबं तर दोन्हीकडे कितीतरी जास्त आहेत. पण ढोबळ फरक खरा आहे. आणि याच बेटावर, पाल्माच्या एखाद्या चौकात, तिथला रहिवासी दोनशे मिलिलिटरच्या आसपासचा छोटा बिअरचा ग्लास आणि वाटीभर ऑलिव्ह घेऊन तासभर गप्पा मारत बसलेला असतो. बार्सेलोना किंवा माद्रिदच्या माणसांनी मायोर्कन पुरुषाला झिंगून रस्त्यावर पडलेलं पाहिलं, तर हसण्याआधी ती त्याच्यासाठी ओशाळतील.

एकाच रेणूची ही तीन रूपं. इथेनॉलच तिन्ही ग्लासांत आहे. मग वागणं इतकं वेगळं कसं?

याचं नेहमी पहिलं उत्तर मिळतं ते प्रमाणाचं: ते जास्त पितात म्हणून जास्त धिंगाणा घालतात. पण चेक प्रजासत्ताक पाहा. माणशी बिअर पिण्यात हा देश कित्येक वर्षं जगात पहिला आहे, वर्षाला सव्वाशे लिटरच्या आसपास. तरी प्रागच्या रहिवाशांची झोपमोड केली ती शेजारच्या चेक आजोबांनी नव्हे. बाहेरून आलेल्या टोळक्यांनी केली. फ्रान्स आणि स्पेन हेही काही सोवळे देश नाहीत, माणशी दारूच्या हिशेबात ते ब्रिटनच्या आसपासच बसतात. दुसरं उत्तर रक्ताचं: ‘त्या लोकांची जातच तशी’. हे उत्तर मला सर्वांत घातक वाटतं, कारण ते बोलायला फार सोपं आहे आणि तपासायला गेलं की हाती काहीच लागत नाही.

१९५६ साली ड्वाइट हीथ हा तरुण अमेरिकन अभ्यासक आपल्या पत्नीसह बोलिव्हियाच्या पूर्व भागात काम्बा लोकांमध्ये राहायला गेला. शेतीची पद्धत, कुळांचे संबंध असा त्याचा मूळ विषय. तिथे शनिवार-रविवार आणि सणावारी पिण्याची बैठक असे, आणि पाहुणे म्हणून या दोघांना दर वेळी आमंत्रण. परत आल्यावर येल विद्यापीठातल्या दारूचा अभ्यास करणाऱ्या केंद्राने त्या पेयाचा नमुना तपासला. त्यात ८९ टक्के अल्कोहोल निघालं. आपल्याकडची व्हिस्की-रम ४२-४३ टक्क्यांची असते, तर हे तिच्या दुपटीहून कडक. आपण जखम पुसायला स्पिरिट वापरतो, त्याच्या तोडीची ही गोष्ट. हे लोक ती पाणी न घालता पीत होते, शनिवारी रात्री सुरू करून थेट सोमवारी कामावर जाण्याच्या वेळेपर्यंत.

आणि भांडण नाही. मारामारी नाही, छेडछाड नाही, रडारड नाही. हीथने त्या बैठकीची रीत बारकाईने टिपून ठेवली आहे. मंडळी गोलात बसत. ग्लास एकच. यजमान तो भरून कोणा एकासमोर जाऊन उभा राहायचा, मान हलवायचा, ‘सालूद’ म्हणायचा, अर्धा ग्लास स्वतः प्यायचा आणि उरलेला समोरच्याच्या हातात द्यायचा. समोरच्याने तो संपवायचा, मग उठून पुन्हा भरायचा आणि आपल्या पसंतीच्या दुसऱ्या कोणासमोर जायचं. एकट्याने कोणी प्यायचं नाही. झोप आली तर तिथेच कलंडायचं, जाग आली की पुन्हा गोलात. तिथल्या माणसांची शेतं आणि घरं एकमेकांपासून दूर विखुरलेली होती, आठवडाभर माणूस माणसाला भेटत नसे. दारू त्यांना जवळ बसायचं निमित्त देत होती. माझ्या मते दारूविषयीच्या सगळ्या वाङ्मयात याच्याइतकं विचार करायला लावणारं दृश्य दुसरं नाही. ८९ टक्के अल्कोहोल पोटात जाऊनही माणसं वागली ती त्यांना शिकवलेल्या रीतीप्रमाणे.

हे जंगलातलं झालं, शहरातल्या माणसाचं काय, असं कोणी विचारेल. त्याचं उत्तर अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत मिळालं. १९७५ साली ॲलन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बऱ्यापैकी पिणाऱ्या ९६ पुरुषांवर एक प्रयोग केला. टॉनिक वॉटरमध्ये व्होडका मिसळली की ती चवीने ओळखणं कठीण जातं, याचा त्यांनी उपयोग करून घेतला. काहींना व्होडका दिली आणि तसं सांगितलं. काहींना नुसतं टॉनिक दिलं आणि सांगितलं की व्होडका आहे. काहींना व्होडका देऊन टॉनिक असल्याचं सांगितलं. उरलेल्यांना टॉनिक दिलं आणि खरं सांगितलं. मग समोरच्या माणसाला विजेचे झटके देण्याची मुभा देऊन कोण किती आक्रमक होतो ते मोजलं. जास्त आक्रमक झाले ते आपण व्होडका प्यायलो आहोत असं मानणारे. ग्लासात खरंच काय होतं त्याने फारसा फरक पडला नाही.

याचा अर्थ दारूचा अंमल खोटा असा नाही. पाय लटपटतात, जीभ जड होते, ब्रेक दाबायला उशीर होतो. हे सगळं रसायन करतं आणि तुमच्या समजुतीला ते विचारत नाही. नजर आखडते, डोळ्यांसमोरचं दिसतं आणि पुढचा परिणाम दिसत नाही, हेही मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे. पण लटपटत्या पायांचा माणूस कोपऱ्यात झोपेल, गाणं म्हणेल, मित्राच्या गळ्यात पडून रडेल की दुकानाची काच फोडेल, हे रसायन ठरवत नाही.

क्रेग मॅकअँड्र्यू आणि रॉबर्ट एजर्टन यांनी १९६९ साली ‘ड्रंकन कम्पोर्टमेंट’ या पुस्तकात जगभरच्या समाजांची अशी कितीतरी उदाहरणं एकत्र मांडली. माणूस झिंगल्यावर कसं वागायचं ते आपल्या समाजाकडून शिकतो, हे त्यांचं म्हणणं. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना दारू झेपतच नाही, हा गोऱ्यांचा लाडका समज त्यांनी खोडून काढला: ज्यांच्याकडून त्यांना दारू मिळाली त्या व्यापाऱ्यांचं आणि शिकाऱ्यांचं झिंगलेलं वागणं पाहूनच ते शिकले. पुस्तकात आणखी एक कल्पना आहे. बऱ्याच समाजांमध्ये झिंगलेली अवस्था म्हणजे नियमांतून मिळालेली सुटी असते. त्या वेळात केलेलं माणसाच्या खाती नीटसं मांडलं जात नाही. मात्र सुटीलाही कुंपण असतंच.

कोकणातल्या वाचकाला हे परक्या पुस्तकातून शिकायची गरज नाही. शिमग्यात बोंब मारायची मुभा असते. एरवी ज्याच्यासमोर आवाज चढवायची हिंमत होत नाही त्याच्या दारात जाऊन शिवी घालता येते, आणि धुळवड सरली की कोणी ती मनात धरत नाही. पण पालखीसमोर वावगं वागायचं नाही, मानकऱ्याचा मान मोडायचा नाही, कोणाच्या चुलीपर्यंत जायचं नाही. मुभा आणि कुंपण दोन्ही गावाला पाठ असतं, कारण ती दोन्ही गावानेच घालून दिलेली आहेत.

मग ब्रिटिश माणसाला कोणी काय शिकवलं? माझ्या समजुतीप्रमाणे त्याला घड्याळाने शिकवलं.

पहिल्या महायुद्धात, १९१४ पासून, दारूगोळ्याच्या कारखान्यांतलं काम बिघडू नये म्हणून ब्रिटनमध्ये पबांच्या वेळांवर बंधनं आली. दुपारी पब बंद, रात्री लवकर बंद. युद्ध संपलं, बंधनं राहिली. इंग्लंडमधली दुपारची बंदी उठली ती थेट १९८८ साली. आणि रात्री अकराच्या सुमाराला घंटा वाजवून शेवटची ऑर्डर मागवायची पद्धत नोव्हेंबर २००५ मध्ये नवा कायदा अमलात येईपर्यंत सर्रास होती. तीन-चार पिढ्या शिकल्या की दारू ही घड्याळाशी लावलेली शर्यत आहे. घंटा झाली की दोन ग्लास एकदम घ्यायचे, घशाखाली ओतायचे, आणि शहरातली सगळी प्यायलेली तरुण मंडळी एकाच मिनिटाला एकाच रस्त्यावर. भांडण व्हायला आणखी काय लागतं?

ऑस्ट्रेलियात याचं टोक पाहायला मिळालं. १९१६ पासून तिथल्या चार राज्यांत आणि १९१७ पासून न्यूझीलंडमध्ये बार संध्याकाळी सहाला बंद होऊ लागले. कामगार पाचला सुटायचा, म्हणजे हातात एक तास. त्या तासाला ‘सहाचं ढोसणं’ अशा अर्थाचं नावच पडलं. बारमधून खुर्च्या-टेबलं निघाली, कारण बसलेला माणूस जागा अडवतो. भिंतींना फरशा लागल्या, म्हणजे नंतर पाणी मारून धुता येईल. बारवाला ग्लास नळाखाली न धरता रबरी नळी घेऊन रांगेतले ग्लास भरत जायचा. न्यू साउथ वेल्समध्ये हे १९५५ पर्यंत चाललं, न्यूझीलंडमध्ये १९६७ पर्यंत. पिणं कमी करायला केलेल्या कायद्याने एका अख्ख्या पिढीला वेगाने प्यायला शिकवलं. आज बालीच्या कुटा भागात ऑस्ट्रेलियन पोरं धिंगाणा घालतात तेव्हा हा तास मला आठवतो. नातवाला तो ठाऊकही नसेल, पण आजोबांचा वेग घरात शिल्लक आहे.

घड्याळाइतकंच महत्त्व बिल चुकवायच्या रीतीला आहे. इंग्लिश पबमध्ये ‘राउंड’ असतो. सहा मित्र गेले तर एक जण उठून सहाही जणांसाठी आणतो, मग दुसरा, मग तिसरा. आपला राउंड न देता निघून जाणं म्हणजे कंजूसपणाचा शिक्का. सहा माणसं, म्हणजे प्रत्येकाच्या पोटात सहा पाइंट. एक पाइंट ५६८ मिलिलिटरचा, म्हणजे जवळजवळ साडेतीन लिटर बिअर. आणि वेग ठरतो सर्वांत भराभर पिणाऱ्यावर, कारण त्याचा ग्लास रिकामा झाला की पुढच्याने उठायचं. आपुलकीचीच रीत आहे ही, उदारपणाची आहे. पण थांबायची जागा तिच्यात कुठेच नाही. जर्मनीत कोलोन शहरातल्या बिअरघरात वाढपी दोनशे मिलिलिटरचा उभट ग्लास आणतो, तुमच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलने एक रेघ मारतो, आणि ग्लास रिकामा झाला की न विचारता दुसरा ठेवतो. पुरे झालं की ती चकती ग्लासावर झाकायची. न बोलता, मान न घालवता थांबता येतं, आणि जो तो आपापल्या रेघा मोजून पैसे देतो. चेक पबमध्येही टेबलावर असाच रेघांचा कागद असतो. स्पेनमध्ये ग्लास मुद्दाम लहान, कारण उन्हात बिअर कोमट होते, आणि सोबत काहीतरी खायला असतंच.

उत्तरेकडच्या देशांत तिसरीच तऱ्हा. स्वीडनमध्ये १९५५ पर्यंत दारूला रेशनपुस्तिका होती आणि आजही जास्त अल्कोहोलच्या बाटल्या मुख्यतः सरकारी दुकानांतून मिळतात. फिनलंडमध्ये १९१९ ते १९३२ पूर्ण दारूबंदी होती. घरी महाग आणि मोजूनमापून, म्हणून बाल्टिक समुद्रातल्या बोटींवर स्वस्त दारू मिळाली की बोट हाच एक परदेश होतो.

घरची ही शिकवण माणूस बॅगेत भरून परदेशी नेतो, आणि तिथे दोन गोष्टी घडतात. एक, पाहणारं कोणी राहत नाही. आपल्या गल्लीत ओरडणाऱ्या पोराला वाण्यापासून मावशीपर्यंत सगळे ओळखतात, उद्या सकाळी तोंड दाखवायचं असतं. मागालुफमध्ये उद्या सकाळी विमान असतं. दुसरी गोष्ट, ही मोकळीक अशा पर्यटनस्थळांवर पद्धतशीर विकली जाते. दारात उभा राहून गिऱ्हाईक ओढणारा पोरगा, एकावर एक फुकट, मनगटाला पट्टी बांधली की हवं तेवढं प्या, रात्रभर बारमागून बार फिरवणाऱ्या सहली. शिमग्याचं कुंपण गाव घालतं, इथे कुंपण काढून टाकण्यावरच धंदा चालतो. त्यामुळे सगळा राग विशीतल्या पोरांवर काढणं मला पटत नाही. त्यांना तसं वागण्याचे पैसे देऊन बोलावलेलं नसलं, तरी तसं वागता येईल म्हणूनच तिकीट विकलेलं आहे.

याची किंमत पाल्माच्या सोन एस्पासेस रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मोजली. हॉटेलच्या एका बाल्कनीतून दुसरीत उडी मारायची किंवा वरच्या मजल्यावरून थेट तलावात, असा प्रकार तिथे इतका झाला की स्पॅनिश भाषेने ‘बाल्कनिंग’ असा शब्दच घडवला. २०१० ते २०१५ या काळात बाल्कनीतून पडून जखमी होऊन आलेल्या ४६ रुग्णांचा त्या डॉक्टरांनी अभ्यास केला. जवळजवळ सगळे पुरुष. सरासरी वय चोवीसच्या आसपास. पडण्याची उंची सरासरी आठ मीटर, म्हणजे अडीच-तीन मजले. बहुतेक सगळे दारू प्यायलेले, आणि निम्म्याहून जास्त ब्रिटिश. यातल्या एका शल्यविशारदाने मग ब्रिटिश परराष्ट्र खात्यासोबत तरुणांना सावध करणाऱ्या मोहिमेत काम केलं. चोवीस वर्षांचं पोर, पाठीचा कणा मोडलेला, परक्या भाषेच्या दवाखान्यात, आणि आईला फोन कोणी करायचा हा प्रश्न. दंग्याच्या व्हिडिओंवर हसताना हे चित्र डोळ्यांसमोर असावं असं मला मनापासून वाटतं.

गावांनी आपापल्या परीने उत्तरं शोधली. बालेआरिक बेटांच्या सरकारने जानेवारी २०२० मध्ये मागालुफ, प्लाया दे पाल्मा आणि इबिझातल्या सांत आंतोनी या भागांसाठी कडक हुकूम काढला: ‘हॅपी अवर’ बंद, बारमागून बार फिरवणाऱ्या सहली बंद, रात्री साडेनऊपासून सकाळी आठपर्यंत दुकानात दारू विकायची नाही. सगळं पॅकेजमध्ये असलेल्या हॉटेलांत दिवसाला सहाच पेयं, तीन दुपारच्या जेवणाला, तीन रात्रीच्या. मोठ्या उल्लंघनाला सहा लाख युरोपर्यंत दंड. २०२४ मध्ये त्यात रस्त्यावर पिणाऱ्याला १५०० युरोपर्यंतच्या दंडाची भर पडली. त्यातल्या सहलींवरच्या बंदीला मी सर्वांत जास्त गुण देईन, कारण ती पिणाऱ्यावर नसून पाजणाऱ्यावर आहे.

ॲमस्टरडॅमने मार्च २०२३ मध्ये वेगळीच वाट धरली. १८ ते ३५ वर्षांचे ब्रिटिश पुरुष इंटरनेटवर लग्नाआधीच्या पार्टीसाठी या शहराचा शोध घेऊ लागले की त्यांच्यासमोर येऊ नका असं सांगणारी जाहिरात यायची, बेड्या आणि दवाखाना दाखवणारी. प्रागने ऑक्टोबर २०२४ मध्ये रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत पबफेऱ्यांच्या सहली बंद केल्या. टोकियोच्या शिबुया भागाने त्याच महिन्यापासून संध्याकाळी सहा ते पहाटे पाच रस्त्यावर पिणं मना केलं. जपानचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. तिथे रस्त्यावर पिण्याला देशभर कायद्याची आडकाठी नाही, चोवीस तास उघड्या दुकानांत बिअरचा डबा मिळतो, आणि साहेबासोबत प्यायला बसल्यावर हाताखालच्याने थोडं सैल बोललं तर चालवून घेण्याची जुनी पद्धतही आहे. तरी आजवर निभावत होतं, कारण कुठे सैल व्हायचं आणि कुठे नाही हे न लिहिताच सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेरून आलेल्याला डबा मिळाला, मुभा दिसली. कुंपण त्याला कोणी दाखवलंच नव्हतं. शेवटी ते पाटीवर लिहावं लागलं.

गोव्यातही तसंच झालं, आणि तिथे बाहेरून येणारे बहुतेक आपण आहोत.

मुंबई राज्यात एप्रिल १९५० मध्ये दारूबंदी आली. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे होता. एका तेरेखोलच्या खाडीने दोन पिण्याच्या पद्धती तेव्हापासून वेगळ्या ठेवल्या. गोव्याच्या तावेर्नात दुपारी एखादा म्हातारा टोपी बाकावर ठेवतो, फेणीचा छोटा ग्लास घेतो, दोन शब्द बोलतो आणि जेवायला घरी जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये काजूच्या बोंडांची ताजी उर्राक येते, तिच्यात लिंबू, मीठ, उभी चिरलेली मिरची. दारू तिथे घरातल्या माणसांच्या देखत आहे. आपल्याकडे मात्र कायद्याच्या नावात आजही बंदीच आहे, पिणाऱ्याने परवाना बाळगायचा असतो, आणि त्याच परवान्यावरून ‘परमिट रूम’ हा शब्द आला. काळ्या काचा, मंद दिवे. आपली भाषासुद्धा पडदा ओढते: ‘तुम्ही घेता का?’ काय, ते बोलायचं नाही. ‘आज बसायचं का?’ कशाला, ते विचारायचं नाही. जे पडद्याआड, घाईने, दोन क्वार्टरमध्ये उरकायला शिकलेलं आहे, ते आंबोलीचा किंवा चोर्ल्याचा घाट उतरल्याबरोबर गाडीच्या बॉनेटवर मांडलं जातं. बागा-कळंगुटच्या वाळूत बाटल्या, चखण्याच्या पिशव्या, गाडीचा स्पीकर. गोवेकर चिडून अशांना एका शब्दात ‘घांटी’ म्हणून मोकळे होतात. तो शब्द मला लागतो. पण पाल्माचा माणूस ‘इंग्रज’ हा शब्द ज्या आवाजात उच्चारत असेल, तोच हा आवाज, आणि तो आवाज येण्याचं कारण आपण दिलेलं आहे.

गोवा सरकारने जानेवारी २०१९ मध्ये किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणाऱ्याला, चूल मांडणाऱ्याला दोन हजार रुपये आणि टोळक्याला दहा हजार रुपये दंडाची तरतूद केली. दंड न भरल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका पहाटे मी दक्षिण गोव्याच्या किनाऱ्यावर रांपण ओढायला आलेल्या मंडळींजवळ उभा होतो. जाळं समुद्रात पसरलेलं होतं, दोर अजून ओढायचे होते. त्याआधी एक साठीतला माणूस प्लास्टिकची बादली घेऊन वाळूवर वाकून चालत होता. दोर ओढताना तीस-चाळीस माणसं अनवाणी मागे सरकतात, टाचा वाळूत रुततात. तो काचा वेचत होता. मी मराठीत बोललो तसा तो थांबला, हातातला बाटलीचा गळा मला दाखवला आणि म्हणाला, “पियेतात तें सोड, पूण फोडटात कित्याक?”

मला उत्तर देता आलं नाही. मी चपला काढल्या, त्याच्याबरोबर खाली बसलो आणि वाळूत बोटं घालून शोधू लागलो. दोर धरायची हाक आली तेव्हा बादलीत दोघांचे मिळून चौदा तुकडे होते. हिरवे, तपकिरी, आणि एक पांढरा, ज्याच्यावर कोल्हापुरातल्या दुकानाचा चिटोरा अजून चिकटलेला होता.